दोन चमच्यांचं काडतूस

स्टेफनीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, सगळ्या गावादेखत अल्फान्सो आजाचं रिव्हॉल्व्हर फुटलं. नळी एकीकडे गेली, मूठ दुसरीकडे, आणि मधली चक्री डुबुक करून विहिरीत पडली.

असं काहीही झालेलं नाही. उत्तनच्या पुढे चौक गावात जाऊन कुणालाही विचारा. लोक सांगतील, बार झाला, छान झाला, मटण जरा तिखट होतं. जास्त खोदलंत तर मटणाबद्दलच जास्त सांगतील. तेव्हा वरचं वाक्य आपण बाजूला ठेवू आणि त्याच्या आधीच्या रविवारी जाऊ. तेव्हा रिव्हॉल्व्हर एकसंध होतं, आणि आजाचा नातू, स्टेफनीचा भाऊ एल्टन याला आपला उजवा हात ही काळजी करण्याची वस्तू आहे असं वाटत नव्हतं.

खरं तर तो हात काळजी करण्यासारखाच होता. एल्टन नया नगरात मोबाइल रिपेरिंगच्या दुकानात काम करायचा. भिंगाखाली बोर्ड धरून, डोळ्यांत खुपणार नाहीत एवढ्या बारीक पार्टांना डाग द्यायचा. लोक मीरा रोडच्या पार टोकावरून ‘तो उत्तनचा पोरगा आहे का?’ विचारत यायचे. हे सगळं उजव्या हाताचं कौतुक. डाव्या हातानं तो फक्त चहाचा ग्लास धरायचा, आणि त्यातलाही थोडा सांडायचा. येत्या मोसमात स्वतःचं दुकान टाकायचं ठरलं होतं. दुकानाचं भांडवल काय, तर हा हात.

आता रिव्हॉल्व्हर. आजाचे वडील एका पारशी शेठच्या वाडीची राखण करायचे. शेठ विलायतेला गेला तेव्हा त्यानं वाडी विकली, घोडा विकला आणि रिव्हॉल्व्हर मात्र राखणदाराच्या नावावर करून दिलं, कारण ते विकत घ्यायला कुणी तयार नव्हतं. एवढं मोठं की खिशात मावत नाही आणि कमरेला लावलं तर विजार खाली येते. नळीचं भोक असं रुंद की लहानपणी स्टेफनीची करंगळी त्यात अडकली होती. साबण लावून सोडवावी लागली. बापाचं लायसन्स आजाकडे आलं, आणि लायसन्सबरोबर सहा काडतुसं.

या मापाची काडतुसं आता जगात कुणी विकत नाही. आजानं एकदा मुंबईत एका बंदुकीच्या दुकानात जाऊन विचारलं होतं. दुकानदारानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाला, "चाचा, इसको म्यूझियम में दे दो. आप भी साथ में चले जाओ." तेव्हापासून आजा स्वतःच भरायचा. उडवलेल्या काडतुसाचं रिकामं पितळ जपून ठेवायचं आणि त्यातच पुन्हा दारू, पुन्हा शिसं. शिसं मासे मारायच्या जाळ्याचं, जाळं तळाशी बसावं म्हणून खालच्या दोरीला ओवतात त्या गोळ्या वितळवून. दारू कुठून यायची ते घरात कुणी विचारत नसे. लायसन्स रिव्हॉल्व्हर बाळगायचं होतं, खिडकीत कारखाना काढायचं नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण सरकारदरबारी सहा काडतुसांची नोंद होती, आणि घरातल्या प्रत्येक लग्नात एक उडूनही डब्यात कायम सहाच निघायची. बायबलातल्या पाच भाकरी आणि दोन मासे सगळ्यांना पुरले यावर ज्या गावाचा विश्वास आहे, त्याला यात नवल वाटलं नाही.

लग्नात उडवायची रीत अशी. आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, नवरीच्या आंघोळीचं पाणी आणतात. बाकीच्यांच्यात तेव्हा फटाके लावतात. आजाच्या घरात कळशी भरून वर आली की समुद्राकडे तोंड करून रिव्हॉल्व्हरचा एक बार. फक्त आजाच्या लेकीच्या, म्हणजे एल्टनच्या आत्याच्या, लग्नात बार झाला नव्हता, पावसानं दारू सादळली म्हणून. तिचा नवरा पुढच्याच महिन्यात बहरीनला गेला आणि अजून येतोच आहे.

आणि या खेपेला बार एल्टननं काढायचा होता. आजाचा हात थरथरायला लागला होता, एल्टनचे वडील जहाजावर होते. घरात उजवा हात असलेला तोच एक पुरुष उरला होता.

तर, रविवार. आजा खिडकीतल्या टेबलाशी काडतुसं भरत बसला होता आणि एल्टन पलंगावर लोळून त्याच्याकडे बघत होता. बघण्याचं कारण असं की आजाच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, उजव्याचं व्हायचं होतं, आणि तो नेमका उजव्या डोळ्यानं बघत होता.

"आजा, दुसऱ्या डोळ्यानं बघ ना."

"तो डोला डॉक्टरचा हाय. हा माझा हाय. हत्याराच्या कामाला घरचा डोला लागतो."

दारूचं माप म्हणजे एल्टनच्या पणजीचा मिठाचा चमचा. एका पितळात एक चमचा, सपाट. पितळ जुन्या जमान्याचं, ऐसपैस. एक चमचा पडला तर तळाशी कुठंतरी दिसायचा. दोन पडले तरी वरून शिसं बसलं की बाहेरून ओळखायला काही मार्ग नाही. म्हणून आजा हे काम फार सावकाश करायचा आणि मधे कुणी बोललेलं त्याला चालायचं नाही. मागं एकदा एल्टन बोलला होता, तर जाळं विणायची सुई त्याच्या कानाजवळून गेली होती.

आजानं एका पितळात चमचा ओतला, आणि चर्चची बाराची घंटा झाली.

चौकात बाराची घंटा झाली की माणूस असेल तिथं उभा राहतो. जाळं विणणाऱ्याची सुई थांबते, कोळणीचा तराजू खाली टेकतो, भांडणारे शिवी अर्धी ठेवून उभे राहतात आणि प्रार्थना झाल्यावर उरलेली देतात. आजा उभा राहिला. डोळे मिटून सगळी प्रार्थना म्हणाला, क्रूस केला, बसला, चमचा भरला आणि ओतला.

एल्टनही उभा होता, पण डोळे उघडे ठेवून. प्रार्थनेत डोळे उघडे ठेवू नयेत असं त्याची आई ऑड्रे त्याला लहानपणापासून सांगत आली होती. का, ते त्याला आत्ता कळलं. घंटेच्या आधी ज्या पितळात चमचा गेला होता, घंटेनंतरही त्याच पितळात गेला होता.

त्यानं तोंड उघडलं, मग सुई आठवून मिटलं, मग पुन्हा उघडायचा धीर होईपर्यंत सहाच्या सहा पितळांवर शिसं चढलं, सहाच्या सहा काडतुसं बिस्किटांच्या जुन्या डब्यात गेली आणि आजानं डबा सवयीनं कानाशी धरून खडखड हलवला.

"आजा," एल्टन म्हणाला, "एकात तू दोन चमचे घातलेस."

"कशात?"

एल्टननं डब्यात पाहिलं. सहा सारखी काडतुसं त्याच्याकडे बघत होती.

"यांच्यातल्या एकात."

"मी कवापासून भरतो हाय, तुझा बाप रांगायचा तवापासून. एक तरी कवा चुकलाय?"

"घंटा झाली तेव्हा तू उठलास."

"मग? बसून राहू? देवाला काय सांगू, जरा थांब, दारू भरतो?"

"दोन चमच्यांचं उडवलं तर काय होईल?"

आजानं डब्याचं झाकण लावलं. "दोन चमच्यांचा न्हायच हाय. मग कशाला इचारतो?"

हे उत्तर एल्टनला आवडलं नाही. ‘काही होत नाही’ असं आजा म्हणाला नव्हता.

सहात एक. लुडो खेळताना सहा पडत नाही म्हणून आपण रडकुंडीला येतो; सहात एक म्हणजे तेव्हा जन्मात न येणारी गोष्ट वाटते. तीच हातावर बेतली की फासा दुसरं काही दाखवेनासा होतो. सोमवारी एल्टननं दुकानात तीन मोबाइल उघडले आणि प्रत्येक वेळी स्क्रू फिरवताना आपल्या बोटांकडे पाहुण्यासारखं पाहिलं.

त्यानं उपाय सुचवून पाहिले. सुतळी बॉम्ब लावू या, आवाज मोठा होतो. आजा म्हणाला, "लगन हाय का नगरसेवकाचा निकाल?" मग काडतुसं उघडून बघू या म्हणाला. आजा म्हणाला, "उघडताना पितल चिरला तर नवा कोन देल, तुझा मोबाइलवाला?" स्टेफनीला सांगितलं, तर ती म्हणाली, "आत्याचं झालं ते माझं करू नकोस हां एल्टन. माझ्या कॉलिनला आत्ताच कुवेतची ऑफर आलीय." आईला सांगितलं. ऑड्रे कांदे कापत होती; सासऱ्यांना ती पप्पा म्हणायची. ती एवढंच म्हणाली, "पप्पांना कुणी चूक म्हणायचं? तू म्हण. मी बाजूला उभी राहते."

शेवटी त्याला तराजू आठवला. ज्यात दारू जास्त, ते वजनाला जास्त. एवढी साधी गोष्ट आधी का सुचली नाही म्हणून त्यानं स्वतःला एक शिवी दिली, काडतुसं सुकटीच्या डब्यात तळाशी घातली आणि बस धरून भाईंदरला गुणवंतभाईंकडे गेला. गुणवंतभाई सोनार. स्टेफनीच्या अंगठ्या त्यांनीच घडवल्या होत्या. आख्ख्या बसमध्ये एल्टनच्या शेजारची सीट रिकामी राहिली. सुकटीचा हा गुण पोलिसांनाही ठाऊक नसावा.

गुणवंतभाईंनी नाकाला रुमाल लावून डब्यात पाहिलं. "आ शूं छे? लायटर?"

"हां. शादी में रिटर्न गिफ्ट."

"पितल का? अरे भाई, चाँदी का देना था. लोग क्या बोलेंगे?"

"बस वजन करना है. एक-एक का."

गुणवंतभाईंनी काचेच्या पेटीतल्या तराजूवर एकेक काडतूस ठेवलं. तो तराजू श्वास सोडला तरी हलायचा. एल्टननं श्वास धरला. गुणवंतभाईंनी आकडे वाचले. सहा काडतुसं, सहा वेगळी वजनं. एक सगळ्यांत जड होतं, पण दुसरं त्याच्या जवळपास होतं, तिसरं त्याच्या, आणि सगळ्यांत हलकं सगळ्यांत जडापासून एवढं लांब होतं की मधे चार चमचे दारू बसली असती. शिसं जाळ्याच्या गोळ्यांचं आणि अंदाज आजाचा. एकाच्या डोक्यावर शिशाची टोपी होती, दुसऱ्याच्या डोक्यावर फेटा. त्यात चमचाभर दारू शोधणं म्हणजे हत्ती तोलून त्यानं सकाळी केळं खाल्लं का ते सांगणं.

"कारीगर अच्छा नहीं है," गुणवंतभाई म्हणाले. "एक भी पीस बराबर नहीं. मेरेको बोलता तो मैं बनाके देता. कुछ गॅरंटी है इसमें?"

"एक में है," एल्टन म्हणाला.

परतीच्या बसमध्ये त्याला शेवटची आशा फोनवर भेटली. महापालिकेची निवडणूक लागली होती. निवडणूक लागली की ज्याच्या ज्याच्याकडे लायसन्सचं हत्यार आहे त्यानं ते पोलीस ठाण्यात जमा करायचं, निकालानंतर परत न्यायचं. आजाकडे हे काम दर वेळी हवालदार काशीनाथ करायचे. राहायला भाईंदर पूर्वेला इंद्रलोकात, पण जेवायला चौकात यायचं निमित्त ते सोडत नसत. नियमानं माणसानं हत्यार घेऊन ठाण्यात जायचं. इथं ठाणंच सुके बोंबील न्यायला घरी यायचं. फोन त्यांचाच होता.

"काय एल्टनशेठ, आजोबांचा तोफखाना कधी नेऊ?"

"साहेब, आजच या! उद्या तरी या."

"अरे आज सभेचा बंदोबस्त, उद्या रॅली. शनिवारी येतो. शनिवारी मटण आहे ना?"

"साहेब, आचारसंहिता लागलीये. हत्यार लगेच जमा व्हायला पाहिजे. कायदा आहे."

मग काशीनाथ दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "कायदा मला सांगतोस? लग्नघरातनं हत्यार उचलून न्यायला मी काय राक्षस आहे? बहिणीचं लग्न आहे तुझ्या. बार होऊ दे, मग नेतो. मी आहे, टेन्शन घेऊ नको."

शनिवार उजाडला. बँडवाल्यांना संध्याकाळी दुसरीकडे सुपारी होती म्हणून पाण्याचा कार्यक्रम दुपारच्या जेवणाआधी धरला होता. बायका लाल लुगडी नेसून, केसांत अबोली माळून निघाल्या. पुढे ऑड्रे कळशी घेऊन, मागे बँड, बँडच्या मागे गाव. सगळ्यांच्या मागे एल्टन, दोन्ही हात खिशात घालून. सकाळपासून तो उजवा हात कुणाला द्यायलाही तयार नव्हता. पाहुण्यांना त्यानं डाव्या हातानं नमस्कार केला, आणि एका मावशीनं ‘पोरगा मुंबईला जाऊन बिघडला’ म्हणून घेतलं. नया नगर मुंबईत नाही, हे सांगायची त्याला ताकद नव्हती.

विहिरीच्या पलीकडे लगेच वाळू, वाळूवर एक जुनी होडी कुशीवर कललेली, आणि तिच्या पुढे समुद्र. ओहोटी लागली होती. आजा कोट घालून आला होता. त्यानं डबा उघडला, न बघता एक काडतूस उचललं आणि चक्रीत घातलं. चक्री फिरवून बंद केली. एल्टननं त्याच्या तोंडाकडे पाहिलं, कुठलं उचललं ते आजाला तरी कळलंय का म्हणून. आजाचा चेहरा रविवारी चर्चमध्ये मिस्सेला असतो तसा होता. त्यावरून काही कळायचं नाही.

ऑड्रेनं कळशी विहिरीत सोडली. बँड थांबला.

"ह्या तोफेनं मी कधी बार काढला नाही हां," काशीनाथ हवालदार एल्टनच्या खांद्याशी येऊन म्हणाले. खाकी पँट, वर झब्बा. अर्धे ड्यूटीवर, अर्धे पंगतीत. "नोकरी सगळी गेली. ठाण्यात नुसतं आणायचं आणि न्यायचं. आजोबा, आज एक मला काढू द्या की. निवृत्तीला आलोय."

आजानं मोठ्या मनानं मान हलवली. "पावना हाय. घेऊ दे."

एल्टनला वाटलं, देव आहे. मग त्यानं काशीनाथांच्या उजव्या हाताकडे पाहिलं. जाडजूड, केसाळ हात. अंगठ्याला पोवळ्याची अंगठी, मनगटाला मुलीनं बांधलेला रेशमी धागा. हा हात त्यांनी आनंदानं पुढे केला होता. याच हातानं ते थोड्या वेळानं मटण खाणार होते.

"नको साहेब," एल्टन म्हणाला. "घरचाच माणूस लागतो."

"अरे घरच्यासारखाच आहे मी!"

"घरच्यासारखा नाही चालत. घरचाच लागतो." आणि त्यानं आजाच्या हातून रिव्हॉल्व्हर घेतलं. ते नेहमीपेक्षा जड वाटलं. काल वाटलं असतं तर चमच्याचा हिशेब करता आला असता.

कळशी वर आली. पाणी काठोकाठ. बायकांनी गाणं धरलं, मग एल्टनचं तोंड बघून एकेकीनं सोडलं. स्टेफनी लांबून, घराच्या दारातून बघत होती. एल्टननं हात समुद्राकडे केला. अंगठ्यानं घोडा मागे ओढला. खट् झालं. आता चापावर बोट ठेवायचं, एवढंच राहिलं. बोट ऐकेना. हे बोट, ज्याला केसाएवढी तार चिकटवताना कधी कंप सुटला नव्हता, ते आत्ता बँडवाल्याच्या ढोलावर टिपरी नाचावी तसं नाचत होतं.

"एल्टन," आजा म्हणाला.

"हां आजा."

"उजव्यात नको. डाव्या हातात घे."

सगळं गाव ऐकत होतं. लाट आली आणि गेली तेही ऐकू आलं.

"का?" एल्टननं विचारलं.

"उजवा कामाचा हाय," आजा म्हणाला. मग खाली बघून, कुणालाच नाही असं म्हणाला, "घंटा झालती. मी उठलो. बसलो तवा कुठं होतो ते आठवत न्हाय."

काशीनाथ हवालदारांनी पुढे केलेला हात हळूच मागे घेतला आणि खिशात ठेवला. मग दुसराही ठेवला.

"म्हणजे पप्पा," ऑड्रे कळशी कमरेवर घेऊन म्हणाली, "रविवारपासून तुम्हाला ठाव होतं?"

"ठाव न्हवता. वाटत होता."

"आणि पोराच्या हातात दिलंत?"

"सहातला एक हाय गो," आजा म्हणाला. इतका बारीक आवाज त्याच्या तोंडून आजवर निघाला नव्हता. "मला वाटला, देव बघील. मग हा हात बघितला."

एल्टननं श्वास सोडला आणि घोडा अंगठ्यानं धरून अगदी सावकाश, दुधावरची साय उतरवावी तसा पुढे बसवला. कपाळावरचा घाम डोळ्यात गेला, तरी पापणी मिटली नाही. डोळे उघडे ठेवायची त्याला आता सवय झाली होती.

मग जे झालं ते कुणी ठरवलं नाही. बार न करता परत जायचं कुणाच्याच मनात नव्हतं. आत्याचा नवरा अजून यायचा होता. कुणीतरी नायलॉनची दोरी आणली. आजानं रिव्हॉल्व्हर कललेल्या होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, बांधलं, तोंड समुद्राकडे करून, आणि त्या गाठी बांधताना त्याचा हात जराही थरथरला नाही. घोडा ओढून ठेवला. चापाला मासेमारीची तंगूस लावली. तिचं दुसरं टोक घेऊन सगळे विहिरीच्या कठड्यामागे बसले. नवरीकडचे, नवऱ्याकडचे, बँड, आणि काशीनाथ हवालदार सगळ्यांच्या आत, ढोलाच्या मागे.

"मी ओढतो," एल्टन म्हणाला.

"भरला मी," आजा म्हणाला, "ओढनार मी." पण त्यानं एल्टनचा डावा हात आपल्या हातावर ठेवून घेतला.

त्यानं ओढलं. टक् आवाज झाला.

बस्स. टक्.

सगळे वाट बघत राहिले. होडी तशीच. कावळा येऊन होडीवर बसला, रिव्हॉल्व्हरकडे मान वाकडी करून बघून उडाला.

"फुसकं निघालं का?" बँडचा क्लॅरिनेटवाला म्हणाला. "बघून येऊ?"

"कुनी हलायचा न्हाय," आजा कुजबुजला. "कवा कवा उशिरा पेटतो."

आणि चर्चची बाराची घंटा झाली.

पहिल्या ठोक्याला गाव उभं राहिलं. विचार करून कुणी उभं राहिलं नाही. गुडघेच आपोआप सरळ झाले. लुगडी उठली, कोट उठले, कठड्याच्या वर डोक्यांची सबंध रांग उगवली, होडीच्या समोर, प्रार्थनेसाठी डोळे मिटून. एल्टनही अर्धा उठला होता. खाली फक्त काशीनाथ हवालदार उरले होते, वाळूत पालथे पडून ओरडत, "अरे बसा! अरे काय करताय, बसा ना!"

दुसऱ्या ठोक्याला आजानं जन्मात न केलेली गोष्ट केली. तो बसून राहिला. बसल्या जागेवरनं त्यानं एल्टनचा उजवा हात मनगटाला धरून खाली ओढला, दुसऱ्या हातानं ऑड्रेचं लुगडं ओढलं, आणि सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असा ओरडला, "बसा रे! देव थांबल! दारू न्हाय थांबायची!"

आजा घंटेला बसून राहिलाय, हे पाहूनच गाव हबकून खाली बसलं.

तिसऱ्या ठोक्याला, बार झाला. आवाज दोन चमच्यांचा होता, त्यात कुणाला शंका राहिली नाही. होडीची नाळ गेली. नळी वाळूत रुतली, मूठ एका बँडवाल्याच्या टोपीत पडली, चक्री सगळ्यांच्या डोक्यांवरून हळुवार गोल फिरत आली आणि विहिरीत गेली. डुबुक.

एल्टननं उजव्या हाताची बोटं एकेक करून हलवून पाहिली. सगळी होती. आजानंही ती पाहिली, पुन्हा पाहिली, मग घरचा डोळा मिटून डॉक्टरच्या डोळ्यानं पाहिली.

"दोन चमचे," आजा म्हणाला.

"दोन चमचे," एल्टन म्हणाला.

मग दोघंही उभे राहिले आणि राहिलेली प्रार्थना म्हणाले. कळशीतलं पाणी सांडलं नव्हतं. त्या पाण्यानं स्टेफनीनं आंघोळ केली.

जेवायला बसल्यावर काशीनाथ हवालदारांचा दुसरा रस्सा झाला आणि मग ते गंभीर झाले. आज त्यांना एक रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं जमा करायची होती. फुटलेलं जमा केलं तर कसं फुटलं, कुणी फोडलं, ड्यूटीवरचा हवालदार ढोलामागे काय करत होता, हे सगळं आलं. त्यांनी पंगतीकडे पाहिलं. पंगतीनं त्यांच्याकडे पाहिलं.

"इथं काही झालं का?" त्यांनी विचारलं.

"मटण तिखट झालं," पंगत म्हणाली.

तेव्हा नळी, मूठ, पाच काडतुसं आणि वाळूत सापडलेलं एक फाटकं पितळ सुक्या बोंबलांच्या पिशवीत भरून, वर लाख लावून, सील करून, पावती झाली: एक रिव्हॉल्व्हर, सहा काडतुसं, सुस्थितीत. ठाण्याच्या कोठीत ती पिशवी ज्या कोपऱ्यात ठेवली तिथं निकालापर्यंत कुणी फिरकलं नाही.

निकाल लागला. एल्टननं नव्या दुकानाचं शटर उजव्या हातानं उघडलं. कॉलिन कुवेतला गेला आणि दर रविवारी फोन करतो. आजानं मात्र आठवडाभर वाट बघून डॉक्टरच्या डोळ्यानं एक अर्ज लिहिला. एल्टननं तो टाइप केला, एक अक्षर न बदलता, आणि स्वतः ठाण्यात नेऊन दिला:

‘माननीय साहेब, अर्जदाराचे शस्त्र आपल्या ताब्यात सुस्थितीत जमा असल्याची पावती सोबत जोडली आहे. जमा करताना गावात काही झाले नव्हते, याला सर्व गाव साक्षी आहे. सबब विनंती की सदर शस्त्र पावतीत लिहिल्याप्रमाणे, म्हणजे सुस्थितीत, एकसंध व चक्रीसह परत मिळावे. धाकटी नात फ्लेव्हिया हिचे लग्न अद्याप व्हायचे आहे. तसेच चर्चची बाराची घंटा चालू असेतोवर हद्दीतील सर्व स्फोटक पदार्थांनी प्रार्थना संपेपर्यंत जागच्या जागी थांबावे, असा लेखी आदेश आपल्या सहीशिक्क्यानिशी त्यांना देण्यात यावा, ही नम्र विनंती.’